वारा अंगावर घेणारी युन्शिया

शान युन्शिया वेगवान कधीच नव्हती, आणि हे तिला लहानपणापासून सगळ्यांनी आवर्जून सांगितलं होतं. ईशान्य चीनमधल्या चिचीहारला नदी गोठली की नुकतं चालायला लागलेलं पोरही पात्यांचे बूट घालून बर्फावर उतरतं. पाचशे मीटर भन्नाट पळणाऱ्यांची नावं तिथं घराघरांत माहीत. युन्शियाचे पाय आखूड, मांड्या जाड. प्रशिक्षक लुआन सरांनी दोन हिवाळे तिला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"तुला पळता येत नाही, पण थांबताही येत नाही," ते म्हणाले. "तू आपली पाच हजार मीटरला जा."

लांब पल्ल्याला तेव्हा कुणी हिंग लावूनही विचारत नसे. ती शर्यत लागली की प्रेक्षक गरम सूप प्यायला उठायचे. हे तिला चांगलंच झोंबायचं.

संघाचा सराव एका रांगेत चाले. पुढचीनं वारा कापायचा, मागच्यांनी तिच्या आडोशाला, हात पाठीवर बांधून, सुखात घसरायचं. पुढची जागा पाळीपाळीनं घ्यायची असा नियम होता. पण उत्तरेचं वारं तोंडावर आलं की कुणाच्या बुटाची नेमकी नाडी सुटे, कुणाच्या पोटात दुखे. शेवटी पुढे युन्शियाच. वर्षानुवर्षं तीच. तिच्या आडोशाला दमसास राखलेल्या पोरी प्रांताच्या संघात निवडल्या जात, आणि ही थकून चौथी नाहीतर पाचवी.

तिशी उलटल्यावर शेवटची निवड चाचणी आली. पहिल्या तिघी प्रांताच्या संघात जाणार होत्या. यंदा नाही जमलं तर सध्याच्या संघातलीही जागा सोडायची, हे ठरलेलं होतं. हिवाळाभर बाजारात पुरण भरलेले पिठाचे उकडलेले गोळे विकणारी तिची आई धंदा बंद ठेवून पहिल्यांदाच शर्यत बघायला आली होती.

जोडीला आली तोंग रुइ, तिच्याच संघातली, एकोणीस वर्षांची. सरावात कायम युन्शियाच्या पाठीला चिकटलेली.

लांब पल्ल्यात एका वेळी दोघीच दोन मार्गिकांतून पळतात, क्रमांक सगळ्यांच्या वेळेवरून ठरतो, आणि दर फेरीला समोरच्या सरळ पट्ट्यात मार्गिका बदलतात. बाहेरून आत येणारीचा हक्क पहिला, आतलीनं थांबायचं. शर्यतीच्या मध्याला युन्शिया बाहेरून आत आली. तोंग थांबली, पण समोर ती ओळखीची पाठ दिसली आणि वारा झोंबत होता. बाहेरच्या मार्गिकेत जायचं सोडून सवयीनं ती थेट त्या पाठीमागे शिरली. तिचं पातं युन्शियाच्या टाचेला लागलं, आणि युन्शिया बर्फावर आपटली.

उठून तिनं शर्यत पुरी केली, पण वेळ कधीच हातची गेली होती.

पंचांनी तोंगला बाद केलं. युन्शियाला सांगितलं, हवं तर थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा पळ, पण एकटी.

"अगं, वेडी आहेस का?" लुआन सर ओरडले. "पाय बघ तुझे! वर हे वारं! सरळ पट्ट्यात क्षणभर कुणाचा आडोसासुद्धा मिळायचा नाही."

"सर, मला आडोसा कधी होता?"

आईनं कोटाच्या आतून एक कोमट गोळा काढला आणि लेकीच्या तोंडात कोंबला. "खा आधी. नंतर काय मरायचं ते मर."

आणि ती पळाली. पहिल्या फेऱ्यांना लोक नेहमीसारखे सुपाकडे निघाले होते. ते हातात वाट्या घेऊन तसेच कठड्याशी उभे राहिले. मैदानात दुसरं कुणी नव्हतं, तरी मार्गिका बदलताना ही बाई दर वेळी शिस्तीत बाजूला बघायची. आधी कुणीतरी फिदीफिदी हसलं, मग कुणीच हसलं नाही. वारं समोरून थपडा मारत होतं आणि तिची लय तसूभरही ढळत नव्हती. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी कापलेलं ते वारं आज ती स्वतःसाठी कापत होती. लुआन सरांचा आवाज बसला, तरी ते फेऱ्या ओरडत राहिले.

भोंग्यावर वेळ जाहीर झाली. ती तिसरी आली होती.

आई मिळेल त्याची बाही ओढून सांगत होती, "माझी आहे ती! माझी!"

युन्शिया बाकावर बसली. बोटं लाकडासारखी ताठली होती, बुटांच्या नाड्या गोठल्या होत्या. तोंग न बोलावता आली, गुडघ्यांवर बसून नाड्या सोडवू लागली आणि एकदम हुंदके देऊ लागली.

"ताई, मी मुद्दाम नाही केलं... तुमच्या मागे असले की वारा लागायचाच नाही हो."

"ठाऊक आहे मला," युन्शिया म्हणाली. तिला राग आला नव्हता असं नाही, पण अभिमान त्याहून मोठा होता. "आता मी प्रांताच्या संघात चालले. उद्यापासून रांगेत पुढे तू."

तोंगनं नाक पुसलं, मान हलवली आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडवायला घेतली.