हात न देणारी नर्स

बाबांना आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झेपेल का, हे ऑटवाच्या हॉस्पिटलात एक पंजाबी नर्स तपासायची. प्रत्येक अपॉइंटमेंटला तीच असायची. दर वाक्याआधी "देखो जी". चालताना बाबांच्या अर्धं पाऊल मागे राहायची, पण आधाराला हात कधी द्यायची नाही. मला ते खटकायचं.

एकदा तिनं विचारलं, "पापाजी, मोजे खुद पहनते हो?"

बाबांच्या आधी मीच बोललो. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, बापाची सेवा अभिमानानं सांगितली. "मोजे मैं पहनाता हूँ. हम उनको पानी का ग्लास भी उठाने नहीं देते."

तिचा चेहरा उतरला. "देखो जी, खुद इतना भी नहीं कर पाते तो ऑपरेशन झेलना मुश्किल है. आप बाहर बैठो."

दाराच्या काचेतून मी बघत राहिलो. तिनं मोजे काढून बाबांच्या हातात दिले आणि हाताची घडी घालून उभी राहिली. बाबांना धाप लागली, पण दोन्ही मोजे चढले.

"ऑपरेशन होगा," ती बाहेर येऊन म्हणाली. "तब तक चाय पापाजी बनाएँगे."

गाडीत बाबा म्हणाले, "तुला बरं वाटतं म्हणून मोजे घालू देत होतो रे."

तेव्हापासून बाबांसोबत चालताना माझे हात कुठे ठेवायचे, तेच मला कळत नाही.