बाकड्याची खालची फळी

तारकर्लीच्या पद्मावती खोबरेकरणीला सगळे पद्माबाय म्हणत. बाई बुटकी, रुंद आणि आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीतला माणूस वल्हं थांबवी. बायकांच्या राखीव जागेवरून ती पाच वर्षं मालवणच्या पंचायत समितीची सदस्य होती. मुदत संपली, आणि दुसऱ्या सकाळी मासळीची पाटी पुन्हा डोक्यावर. पण कचेरीची सवय काही सुटली नाही. कुणाचं काम अडलं की पाटी खाली ठेवून ही तिथे हजर.

तिचं रोजचं गिऱ्हाईक बाप्तिस्त फर्नांडिस. सुतार. आजोबापासून इगर्जीची, म्हणजे चर्चची, बाकडी करणारं घर. शाळांची बाकडीही त्याच्याच हातची, पण नाव दुसऱ्याचं. कणकवलीचा एक ठेकेदार सरकारी काम घेई आणि बाप्तिस्तला मजुरी देई. किरिस्तांवाचं नाव कचेरीत चालत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तसं त्याने कधी विचारलंही नव्हतं.

२००३ साली पंचायत समितीने पहिली-दुसरीच्या पोरांसाठी बाकडी मागवली.

"बाप्तू, ह्या टायमाक निविदा तू भर. तुझ्या नावान."

"आमका कोण देता गो, पद्माबाय? थंय आमचो माणूस खंय आसा?"

"मगे मी काय मेलंय?"

चुलीपाशी बांगडे साफ करणारी मारियान, त्याची बायको, तिथूनच ओरडली, "भर मरे एकदा! नायतर जलमभर दुसऱ्याच्या नावान रंधो मारीत ऱ्हव."

"भरतंय. पण नाय जमला तर तुझ्या भावाकडे मडगावाक जातंय. ह्या कामाच्या शेडीक कुलूप."

तो थट्टेत बोलत नव्हता.

पद्माबायने त्याला कचेरीत नेलं, ज्याला त्याला भेटवलं. मधला माणूस गेल्यामुळे दर आपोआप सगळ्यांत कमी निघाला. राहिला फक्त नमुना. एक बाकडं करून सभागृहात दाखवायचं, पसंत पडलं तर काम.

ठरल्या दिवशी पद्माबायने सांगून मिळवलेल्या मासळीच्या टेम्पोतून, ताडपत्रीत गुंडाळलेलं बाकडं सभागृहात आलं. साहेब लोक यायचे होते. पद्माबायने ताडपत्री ओढली आणि कपाळावर हात मारला.

"बाप्तू, खाली ह्या काय रे?"

बाकड्याच्या पुढच्या पायांना, जमिनीपासून वीतभर उंच, पुढे आलेली गुळगुळीत फळी ठोकलेली होती. प्रार्थनेला गुडघे टेकायची. इगर्जीच्या प्रत्येक बाकड्याला असते तशी.

बाप्तिस्तने वाकून फळी चाचपली. "हात सवयीन गेलो गो. माका समाजलाच नाय. करवत आसा काय खंय?"

"शिरा पडली तुझ्या करवतीर! आता कापलंस तर भोकां दिसतली. मुकाट ऱ्हव."

तेवढ्यात सभापती, शिक्षण खात्याचे साहेब आणि मागून कणकवलीचा ठेकेदार आत आले. फळी सगळ्यांत आधी ठेकेदाराने पाहिली.

"साहेब, चर्चचं बाकडं शाळेत? पोरांना काय गुडघे टेकायला लावणार?"

कोणीतरी हसलं. साहेबांनी बाप्तिस्तकडे पाहिलं. "ही फळी कशासाठी?"

पद्माबायचे गुडघे सकाळपासून ठणकत होते. ती सरळ जाऊन बाकड्यावर बसली आणि पाय अलगद फळीवर टेकले. तशीच बसून राहिली.

"काय झालं, पद्माबाय?" सभापतींनी विचारलं.

"काय नाय, सायबानू." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक आला. "ह्या हॉलात पाच वर्सां खुर्चेर बसलंय. एक दिवस पाय जमनीक टेकूक नाय. लोंबाकळान मुंगयो येयत. लाज वाटा म्हणान कोणाक सांगूक नाय. आज टेकले."

साहेब वाकले, हाताने उंची मापली. मग बाकडं धरून हलवून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

"पहिलीच्या पोराचे पायही लोंबकळतात," ते म्हणाले. "आम्ही मोठ्यांच्या मापाने बाकडी मागवतो आणि मग पोरं चुळबुळतात म्हणून ओरडतो. फळी राहू दे. सगळ्यांना हवी."

"पण साहेब, ती चर्चची..." ठेकेदार.

"अरे, पाय ठेवूक जागा ती," सभापती मालवणीवर आले. "पायांक काय जात आसा?"

काम मिळालेल्याचं नाव पुकारलं गेलं : बाप्तिस्त सायमन फर्नांडिस, तारकर्ली.

कडेच्या खुर्चीत बसलेला बाप्तिस्त उठेना. त्या सभागृहात आपलं नाव असं मोठ्याने ऐकायची त्याला सवयच नव्हती.

"ऊठ रे, तुझाच नाव ता," पद्माबाय म्हणाली.

"तू ऊठ आदी. बाकडा परत न्हेवचा आसा, मारियान वाट बघता."

"बघूंदे वाट," पद्माबाय म्हणाली, आणि तिने चपला काढून पाय फळीवर नीट पसरले. "माका जरा बसाक दी."