मामंजींचा काला

लग्न होऊन साताऱ्याहून सांगलीला आले तेव्हा मला स्वयंपाक येतो की नाही, हे सासरी अजून ठरायचं होतं. निकाल मामंजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, तोंडून यायचा. जन्मभर वकिली केलेले गृहस्थ, पण जेवणाबद्दल फार तर "छान झालंय" एवढंच म्हणत. ते दोन शब्द मिळाले की सून पास, असं सासूबाईंनी मला सांगून ठेवलं होतं.

माझं नशीब असं की नेमकं त्याच सुमारास घाटावरच्या देवळात वेदान्ताचं प्रवचन सुरू झालं. विषयसुख क्षणाचं, ब्रह्मानंद कायमचा, तेव्हा आधी जीभ जिंका, असं बुवांनी सांगितलं. मामंजींनी तो वरच्या कोर्टाचा हुकूमच मानला. दुसऱ्या दिवसापासून आमटी, भाजी, कोशिंबीर, लोणचं, सगळं भातात एकत्र कालवायचं, वर तांब्यातलं पाणी ओतायचं आणि गिळून टाकायचं. एकदा त्यात माझी खीरही गेली. मला इतका राग आला की चुलीपाशी बसून मी रडले. त्यांना ब्रह्म मिळेल हो, पण माझ्या निकालाचं काय?

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "वेगवेगळं वाढतेस म्हणून कालवतात. उद्या वांगीभात कर."

लढाईचे दिवस, तांदूळ रेशनवर. तरी त्यांनी सणासाठी राखलेला बारीक तांदूळ काढून दिला. कृष्णाकाठची कोवळी वांगी, ताजा गोडा मसाला, वर ओलं खोबरं आणि तूप. पानात दुसरं काहीही वाढलं नाही.

मामंजींचा हात सवयीने कालवायला गेला आणि थबकला. कालवायचं तरी काय? त्यांनी तांब्या शोधला. तो सासूबाईंच्या पाठीमागे होता. शेवटी त्यांनी घास घेतला आणि त्यांचे डोळे मिटले. पान स्वच्छ झालं तरी ते तसेच बसून होते.

मग त्यांच्यातला वकील जागा झाला. "मुली, आनंद भातात नसतो. इच्छा पुरी झाली की मन घटकाभर थांबतं, आणि आत असलेलाच आनंद आपल्याला कळतो. भात नुसता निमित्त."

"हो," मी म्हटलं. एवढं करूनही श्रेय ब्रह्मालाच गेलं होतं. मी पातेलं उचलून आत निघाले.

"थांब," मामंजी म्हणाले. त्यांनी पान जरासं पुढे सरकवलं. "निमित्त छान झालंय. अजून थोडं वाढ."