पाइपावर झाड नको

बुधाजी ग्यास कंपनीच्या खोदाई टोळीत होता. रस्त्याखालच्या पाइपाची गळती शोधायची, माती उकरायची, सांधा दुरुस्त झाला की खड्डा बुजवायचा, हे त्याचं काम. टिकाव तो वरचा रस्ता फोडण्यापुरताच हातात घेई. पाइप जवळ आला की टिकाव बाजूला, फावडंही बाजूला, आणि हा गडी गुडघे टेकून हातानं माती काढायला लागे. टोळीतला दौलत म्हणे, "पाळण्यातलं पोर उचलतोय जणू." बुधाजी चिडत नसे आणि घाईही करत नसे.

खरी पंचाईत घरी होती. परळच्या त्यांच्या चाळीच्या अंगणाखालूनही एक पाइप गेलेला. त्या पट्ट्यात तो कोणाला खुंटी ठोकू देत नसे. पोरांनी विटीदांडूची गल खणली, की संध्याकाळी ती बुजलेली असायची. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे ते दिवस. शेजारचा शामराव समितीचा कार्यकर्ता, घोषणा देऊन देऊन घसा कायमचा बसलेला. त्यानं झेंड्याचा बांबू अंगणाच्या मधोमध रोवायला घेतला, तर बुधाजीनं तो उचलून थेट पाण्याच्या नळापलीकडे, पूर्वेच्या कुंपणाशी नेऊन रोवला.

"मुंबई मिळंल रे एक दिवस," शामराव म्हणाला, "पन तुझ्या अंगनातली वीतभर जागा काय मिळायची न्हाय."

बुधाजी नुसता हसला. नाही म्हणायला त्याला क्षण पुरे, पण कारण सांगायचं म्हटलं की आठवडा जाई. या मुलखावेगळ्या स्वभावावर त्याच्या बायकोनं, सुंदराबाईनं, डोकं आपटायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

त्यांची एकुलती लेक राधा तापात गेली होती. अंगणात त्या पाइपाच्याच पट्ट्यावर बसून ती सागरगोटे खेळायची, आणि उन्हानं लाल होऊन घरात यायची. पुढं दीक्षा झाली, फळीवरचे जुने देव गेले, बुद्धाची तसबीर आली. सुंदराबाईला मोरीच्या भिंतीत पिंपळाचं रोपटं सापडलं. तिनं ते डालड्याच्या डब्यात लावलं आणि पोटच्या पोरासारखं जपलं. वैशाख पौर्णिमेला ते राधाच्या जागेवर लावायचं तिनं ठरवलं. पोरीच्या जागेला एकदाची सावली मिळू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

"तिथं नको," बुधाजी म्हणाला. "खाली पाइप हाय. पिंपळाची मुळं सांधे उचकटतात."

"मग कुठं?"

"बघतो."

त्या 'बघतो'नं सुंदराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "साऱ्या चाळीला न्हाय म्हनता ते म्हनता. राधालाबी न्हाय म्हनायचं?"

दुसऱ्या दिवसापासून बुधाजी कामावर जाण्याआधी कुंपणाशी जाऊन बसू लागला. सुंदराबाई गॅलरीतून बघायची. पाइपाची राखण चाललीय, असं समजून तिचा राग आणखीच वाढायचा.

पौर्णिमेच्या सकाळी बुधाजीला दादरला कामावर जावं लागलं. सुंदराबाईनं तेवढ्यात डाव साधला. तिनं शामरावला टिकाव घेऊन बोलावलं. शेजारची बकुळा मेणबत्त्या, उदबत्त्या आणि काडेपेटी घेऊन आली. खड्ड्याशी मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची, मग रोप ठेवायचं, असं ठरलं होतं. शामरावनं समितीच्या जोशात घाव घातले. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला, मग खालून फुसफुस, आणि नाक सडवणारा वास.

बकुळानं काडी हातात घेतलीच होती. सुंदराबाईनं तिच्या हातातली पेटी उडवली.

"काडी ओढू नको!"

पुढं तिच्या तोंडून तिचा नवराच बोलायला लागला. घराघरातल्या चुली, स्टो विझवा. पोरंबाळं घेऊन रस्त्यावर जा. बिडी कोणी पेटवायची नाही. भोक बुजवायला जाऊ नका, त्याला हात लावू नका. शामरावला तिनं इराण्याच्या हॉटेलातून कंपनीला फोन करायला पिटाळलं. इतकी वर्षं बुधाजी जेवताना पुटपुटायचा ते सगळं तिच्या कानात साठून राहिलं होतं, हे तिलाही तेव्हाच कळलं.

टोळी आली. बुधाजीनं आधी बायकोला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मग गुडघे टेकले. सांधा दुरुस्त होऊन खड्डा बुजल्यावर सुंदराबाई बोलणी खायला तयार उभी राहिली.

"मेणबत्ती पेटली नव्हती ना?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"बरं झालं." तो पायरीवर बसला. मग सरकून त्यानं तिला शेजारी जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला डब्यासकट कुंपणाशी नेलं. शिवडीच्या बाजूनं ऊन वर येत होतं. झेंड्याच्या बांबूची लांब सावली अंगणभर पडली होती, आणि तिचं टोक राधाच्या जागेवर टेकलं होतं.

"रोज बघत हुतो," तो म्हणाला. "झाड हितं लावू. पाइप लांब ऱ्हाईल, आन सकाळची सावली तिथवर जाईल."

"आधी बोलला का न्हाई?"

"जमंल का न्हाई ठाव नव्हतं. तुला दुसऱ्यांदा न्हाय म्हनायचं माझ्यानं झालं नसतं."

त्यानं हातानंच माती उकरून रोप लावलं. दोघांनी वंदना म्हटली, मेणबत्ती लावली. सुंदराबाईनं रोपाची सावली बघितली; ती दोन पानांची होती आणि नळापर्यंतसुद्धा पोचत नव्हती. तिचा चेहरा उतरला. बुधाजी रोपामागं जाऊन उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात वर करून पसरले. त्याची सावली नळ ओलांडून अंगणात लांबवर गेली.

सुंदराबाई राधाच्या जागेवर गेली आणि त्या सावलीत बसली.