शोभाला मी काय विचारलं

शोभा पंगतीत वाढायला उभी राहिली की पाहुण्यांची सुटका नसे. "घ्या न जी, पोट का भाड्यानं आणलं?" म्हणत ती ताटात आणखी एक पोळी टाकायची. नवऱ्याला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, चारचौघांत सुनावायची. मी अकोल्याला गेलो की मात्र तिचा पदर पुढे यायचा. मी तिचा थोरला दीर, आमच्याकडे भासरा म्हणतात. इतक्या वर्षांत "हो जी", "नाही जी" यापलीकडे ती माझ्याशी बोलली नाही. मला तो मान वाटायचा.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि शौचासाठी तिच्या पोटावर कायमची पिशवी आली. तेव्हा अमरावतीच्या कॉलेजात आम्ही तशीच स्वस्त पिशवी तयार करत होतो. ती रुग्णांना विचारूनच बनवायची, असं ठरलं होतं. रुग्ण तर घरातच होता. शोभाने काही दिवस आमची पिशवी वापरली, मग मी तिला गाडीतून कॉलेजात आणलं.

टेबलाभोवती आम्ही पुरुष आणि एक प्राध्यापिका. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही सगळे जरा बाहेर बसता का?"

मी म्हणालो, "घरचीच आहे. मोकळं बोलेल." आणि मीच विचारायला लागलो.

"गळते का?"

"नाही जी."

"कमरेचा पट्टा टोचतो?"

"नाही जी. चांगली हाय."

तेवढ्यावर पिशवी पक्की झाली. दवाखान्यांतून ती रुग्णांना मिळू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात अकोटला लग्न होतं. शोभाने अन्नाला हात लावला नाही, म्हणून माझ्या बायकोने तिला बाजूला घेतलं. परतताना तिने मला सगळं सांगितलं. शोभा म्हणाली होती, "निऱ्या खोचतो तिथंच पट्टा येते, बाई. घामानं चिकटपट्टी सुटते. मांडवात सुटली तं तोंड कुठं लपवू? घरीबी अर्धीच पोळी खातो मी."

"मग यांना का नाही सांगितलं?"

"भासऱ्याले? तुमीबी काई बोलता, बाई."

दवाखान्याची जुनी पिशवी लावायलाही ती तयार नव्हती. भासऱ्यांनी केलेली टाकून कशी देऊ, म्हणे.

पट्टा थोडा वर घेतला असता, चिकटपट्टी घामात टिकेल अशी लावली असती, तर भागलं असतं. पण तोवर मी भाषणांतून सांगत फिरत होतो, की ही पिशवी रुग्णांना विचारून बनवली आहे. पुन्हा सुरुवात करू या, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. शोभा वाळत गेली आणि त्याच वर्षी वारली. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर परतला नव्हता. अंगात काही उरलंच नव्हतं.

राख सावडून आल्यावर भाऊ माझ्याजवळ बसला. "दादा, तिले काई तरास होता काय? मले तं काईच बोलली नाही. तुमाले माईत हाय काय?"

मी "नाही" म्हणालो.

आपणच तिच्या जेवणाकडे पाहिलं नाही, असं तो आजही धरून बसला आहे. हे लिहिलं ते आधी त्याने वाचावं, म्हणून कागद खिशात घालून दोनदा अकोल्याच्या गाडीत बसलो. दोन्ही वेळा मूर्तिजापूरला उतरून परत आलो.