जात कोन्ती?

कापसाच्या संशोधनात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या कामातला एक शब्द मात्र मला अजून छळतो. आमच्याकडे पिकाच्या प्रकाराला जात म्हणतात. सुधारित जात, शुद्ध जात, लांब धाग्याची जात. दिवसभर हा शब्द तोंडात असायचा आणि जिभेला कधी टोचायचा नाही.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी अकोल्याला एका सरकारी कापूस प्रक्षेत्रावर, म्हणजे प्रयोगाच्या शेतावर, नोकरीला होतो आणि मामाकडे राहत होतो. अशात अमरावतीच्या कॉलेजातला माझा जिवलग मित्र तिथेच नेमणुकीवर आला. अमरावतीत आम्ही दोघं रविवारी राजापेठेत एका प्राध्यापकांच्या ओसरीवर जमायचो. ते आम्हाला अठराव्या शतकातल्या फ्रेंच विचारवंतांबद्दल सांगायचे. राजाला सत्ता देव देत नाही, लोकांची संमती देते. माणसं जन्मानं सारखी. ऐकताना मला गहिवरून यायचं. मित्राला कधी आलं नाही. तो शंका काढायचा. त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्म स्वीकारून थोडाच काळ झाला होता, आणि समता ही त्याच्या दृष्टीनं गहिवरायची गोष्ट नव्हती, वापरायची होती.

एकदा मीच त्याला अडवलं होतं. म्हटलं, आपण शेतात निकस झाडं ओळीच्या ओळी उपटून टाकतो, मग सगळे सारखे कसे? तो म्हणाला, "अरे, हक्क सारखे म्हणतात ते. उंची नाई."

तर त्याला खोली हवी होती. मामाचं घर मोठं होतं. पण 'आमच्याकडे राहा' हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. त्याऐवजी मी फार उत्साहानं गावात खोल्या शोधत हिंडलो.

शेवटी मामाच्या ओळखीचे एक म्हातारे शेतकरी भेटले, सगळे त्यांना दादाजी म्हणत. आमच्याच जातीचे. घराच्या मागच्या अंगाला रिकामी खोली, खोलीपुढं जराशी मोकळी जागा. मी प्रक्षेत्रावरून परस्पर गेलो होतो, हातात कापसाच्या नव्या बियाण्याची, सरकीची पिशवी होती. दादाजींनी त्यातली मूठभर घेतली, दाताखाली एक दाणा फोडून पाहिला. मी मित्राबद्दल सांगितलं, मग पावसाबद्दल बोलणं झालं, मग पुन्हा सरकीबद्दल. सरकी पिशवीत परत टाकता टाकता त्यांनी विचारलं, "आन् जात कोन्ती?"

मी म्हटलं, "आपलीच, दादाजी. एकदम शुद्ध. पिढ्यान् पिढ्या निवडून काढलेली."

ते खूश झाले. म्हणाले, उद्याच घेऊन ये त्याले.

त्यांनी 'त्याले' म्हटलं, म्हणजे प्रश्न मित्राबद्दल होता. पण मी पिशवी उचलली आणि निघालो. मी खरंच सरकीबद्दल बोललो, की प्रश्न कळूनही सरकीच्या आड दडलो? हे मी स्वतःला शेकडो वेळा विचारलंय. दर वेळी उत्तर निराळं येतं.

मित्र राहायला आला आणि आठवडाभरात घरचा झाला. पुढच्या मोकळ्या जागेत त्यानं नव्या जातीची काही झाडं लावली. कपाशी, म्हणजे आमच्याकडची पऱ्हाटी, फुलावर आली की उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी दोऱ्यानं बांधावी लागते. नाहीतर मधमाश्या दुसरीकडचे पराग आणतात आणि बी भेसळीचं होतं. ते काम दादाजींनाही आवडलं. संध्याकाळी दोघं झाडांत वाकलेले असायचे, एकाच्या तोंडात दोरा, दुसऱ्याच्या तोंडात सुपारी. दादाजी कळ्या इतक्या करकचून बांधत की मित्र म्हणायचा, "दादाजी, कळी हाय, बैल नाई."

मला ते बघवेना. एका संध्याकाळी मी मित्राला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं. त्याला आधी हसू फुटलं. "मले सरकीच्या भावात खपवलं काय, लेका?" मग हातातल्या दोऱ्याकडे बघत म्हणाला, "पाह्य, रोज बांधा तवा कुठं ही जात शुद्ध राहते. सोडून दिली तर एका दिवसात मिसळते. तिले स्वतःले काई पडली नाई."

मी म्हटलं, झालं ते झालं, आता त्यांना कशाला सांगायचं? माणूस म्हणून तू त्यांना पसंत आहेसच. त्यानं मान हलवली. फसवून घेतलेली संमती म्हणजे संमतीच नव्हे, म्हणाला. राजापेठेत तूच तर टाळ्या वाजवल्या होत्या. खोली मिळायची तर खरं सांगून मिळायला हवी.

आम्ही पुढच्या दारी गेलो. त्यानंच सांगितलं, सरळ, आवाज न चढवता. दादाजींनी तोंडातली सुपारी थुंकली. मग त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, "तू मामाले तोंड दाखवशील काय?" मित्र म्हणाला, पेटी भरायला मला वेळ लागणार नाही.

"आत्ता कुठं चालला?" दादाजी म्हणाले. "पऱ्हाटी फुलावर हाय. कळ्या मी एकटा बांधू काय? बोंडं फुटू दे, मंग जा."

तो राहिला. पण आतून येणारा चहा त्या दिवसापासून पितळी पेल्याऐवजी काचेच्या ग्लासात यायला लागला, आणि तो ग्लास खिडकीतच ठेवलेला असायचा. मित्र तो विसळून परत तिथंच ठेवायचा. मी तिथं असलो की माझा चहा पेल्यात यायचा, आणि मी तो प्यायचो.

दिवाळीनंतर बोंडं फुटली. मी गेलो तेव्हा दादाजी झाडांत उभे राहून कापसाचा पुंजका बोटांनी ओढत होते, धागा किती लांब निघतो ते बघत होते. पेटीचा, त्याच्या जाण्याचा विषय मी मुद्दाम काढला नाही. मित्रही दारात उभा होता.

"हिची जात कोन्ती म्हनाला होता तू?" त्यांनी त्याला विचारलं.

मित्र शांतपणे म्हणाला, "कोनाची, दादाजी?"

खरं कळल्यानंतर म्हाताऱ्यानं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "पऱ्हाटीची रे बाप्पा. पुढच्या सालीबी हेच लावू आपन."