उलार म्हणजे उलटली नव्हे

ती घटना आजही आठवते, पण माझ्या हुशारीमुळे नव्हे. साठच्या दशकात घाटंजीकडच्या एका ठाण्यात मी नवीन महिला शिपाई होते. नागपुरात वाढलेली आणि स्वतःच्या शुद्ध मराठीवर फार खूश.

कापूस आणि सरकीची पोती नेणाऱ्या जीपमागचा ट्रेलर उलटून एका मजूर बाईचा पाय मोडला. ट्रेलरचा भार थोडा जीपच्या पुढच्या चाकांवरही यावा, म्हणून एका मिस्त्रीने जुन्या ट्रकच्या स्प्रिंगचे कमानपट्टे जीप-ट्रेलरच्या जोडावर साखळीने कसून दिले होते. ती साखळी तुटलेली सापडली. जीपच्या मालकाने तिच्याकडे बोट दाखवलं आणि मिस्त्री कोठडीत गेला.

दवाखान्यात बाईचा जबाब घेऊन मी तो वाचून दाखवला. ती कण्हतच म्हणाली, "मी कवा म्हटलं उलटली? आधी उलार झालती म्हटलं."

लेखी भाषेत उलटलीच म्हणतात, असं मी तिला शिकवलं आणि अंगठा घेतला. देवा रे!

"बैलगाडी पाह्यली काय बाई कधी? बोजा मांगं जाऊन जू वर उचललं, तं उलार. उलटते त्याच्यानंतर."

मी कोठडीशी जाऊन बाईचं म्हणणं सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "तेच सांगून राह्यलो. बोजाच मांगं असला तं पट्टे काय करतीन?"

तीच जीप, तोच ट्रेलर, नवी साखळी. ठाण्याच्या आवारात मी मडगार्डखाली वीत लावून जीपची उंची मोजत बसले. हवालदार हसत होते. सरकीची पोती ट्रेलरच्या पुढच्या भागात ठेवली, तर जीप मागून दोन बोटं दबली आणि पुढून उचलली. साखळी कसताच पुढची बाजू पुन्हा खाली आली. तीच पोती मागे सरकवली, तर जीपची शेपटीच वर, म्हणजे उलार. साखळी कसूनही काही फरक नाही; म्हणजे ट्रेलर उलटला तो साखळीमुळे नव्हे.

ड्रायव्हरला एवढंच विचारलं, की जड सरकी कुठे ठेवली होती. त्याने सांगून टाकलं. पोती वाटेत आधी उतरवायची, म्हणून मालकाने सगळ्यात मागे टाकायला लावली होती.

फौजदारसाहेब म्हणाले, अंगठा झालेला जबाब बदलत नसतात.

"बदलू नका. या शिपायाला उलार शब्द कळला नव्हता, असा माझाच जबाब लिहून घ्या."

"नोकरीवर येईल."

"येऊ द्या. लिहा."

मिस्त्री सुटला. माझ्या सेवापुस्तकात 'जबाब नोंदवण्यात निष्काळजीपणा' असा शेरा पडला. पुढे शिपायांना शिकवताना मी आधी तो शेराच वाचून दाखवायची आणि सांगायची: माणूस बोलेल तोच शब्द लिहा, आपलं व्याकरण घरी ठेवा. शेरा काढण्यासाठी अर्ज कर, असं अनेकांनी सुचवलं. केला नाही. अख्ख्या सेवापुस्तकात तेवढं एकच वाक्य मी भांडून मिळवलेलं आहे.